कोस, काटा आणि स्पंद : मोटारीच्या वेगमापकाचे स्थित्यंतर, यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

वेग ही एक संख्या आहे, ही कल्पना मराठी भाषकांच्या व्यवहारात तशी अलीकडची होय. बैलगाडीच्या काळी अंतर होते आणि वेळही होती. परंतु एकास दुसऱ्याने भागण्याचे प्रयोजन सामान्य जनांस कधी पडले नाही. गाव दोन कोसांवर असे, बाजार अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असे, आणि बैल चलाख किंवा मठ्ठ असत. 'ताशी अमुक' ही शब्दयोजना आगगाडीबरोबर आली व मोटारीबरोबर रुळली. तिला चालकाच्या डोळ्यांसमोर अखंड उभी करणारे उपकरण म्हणजे वेगमापक. व्यवहारात त्याला कोणी वेगमापक म्हणत नाही. सर्वत्र 'मीटर' हाच शब्द आहे.

या उपकरणाची आपल्याकडे दोन स्थित्यंतरे झाली. पहिले मैलांकडून किलोमीटरांकडे. ते कायद्याने घडले. त्याच्या तारखा राजपत्रात आहेत. दुसरे केबलकडून विद्युत्स्पंदांकडे. ते कोणाच्या आदेशाने घडले नाही. नव्या गाड्यांत ते कारखान्यांतून आले आणि जुन्या गाड्यांत मिस्त्र्यांच्या हातून आले. म्हणून त्याचा लेखी मागोवा विरळ आहे. असे असले तरी इतिहासाच्या अभ्यासकास दुसरे स्थित्यंतर अधिक विचारार्ह वाटावे, कारण त्यात एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो: यंत्राने दाखविलेल्या आकड्यास साक्षी कोण?

यवतमाळ जिल्हा या विचारास सोयीचा आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६४ मध्ये त्याच्या आग्नेय भागाचा वेगळा जिल्हा झाला व पुढे तो वणीच्या नावाने 'वुन' म्हणून ओळखला जाऊ लागला. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. १९५६ पर्यंत हा मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाड आणि त्यानंतरच्या मध्य प्रदेश राज्यात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. काळी कपाशीची जमीन, उत्तरेस व पूर्वेस वर्धा, दक्षिणेस पैनगंगा. पावसाळ्यात या जमिनीत गाडीचे चाक रुते आणि उन्हाळ्यात त्याच खाचा दगडासारख्या कठीण होत. 'चाकोरी' हा शब्द आज शहरी माणूस केवळ लाक्षणिक अर्थाने वापरतो. या प्रदेशात त्याचा वाच्यार्थ पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या पायांखाली होता. कापूस बंदराकडे नेण्यासाठी १९०३ मध्ये मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरांचा अरुंद रूळमार्ग झाला. किलिक निक्सन या पेढीचा त्याच्याशी संबंध होता, आणि लोकांनी पुढे त्या गाडीला 'शकुंतला' म्हटले. या मार्गावरचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निवृत्त होऊन डिझेल इंजिन आले. वाफेच्या कित्येक इंजिनांवर वेगमापक नसेच. चालक खांब मोजून व घड्याळ पाहून वेगाचा अदमास घेई. म्हणजे यंत्रयुगातही भागाकार बराच काळ माणसाच्याच डोक्यात होत होता.

अंतर मोजण्याच्या मराठी शब्दांचा थोडा विचार येथे अप्रस्तुत होणार नाही. 'कोस' हा संस्कृत 'क्रोश' याचा तद्भव. मूळ धातू 'क्रुश्' म्हणजे ओरडणे. हाक जेथवर पोहोचते तेथवर एक क्रोश. याच अंतरास 'गोरुत' असाही पर्याय संस्कृतात आढळतो, म्हणजे गायीचे हंबरणे ऐकू येईल इतके. मराठीत 'हाकेच्या अंतरावर' हा प्रयोग अद्याप जिवंत आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांचे अंतर कानाने मोजलेले होते. रोमनांचे पावलांनी मोजलेले होते: 'मैल' हा शब्द इंग्रजीमार्गे ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ 'हजार', आणि ते हजार म्हणजे सैनिकाची हजार दुपावले. चाकाने अंतर मोजण्याची कल्पनाही प्राचीनच. व्हिट्रुव्हियसच्या वास्तुग्रंथात तशा गाडीचे वर्णन आहे. हिंदुस्थानात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या मोजणीदारांनी दांड्याला जोडलेले एक मोठे चाक ढकलीत रस्त्यांची मोजणी केली. चाकाचे फेरे मोजावयाचे आणि परिघाने गुणावयाचे, एवढाच तो हिशेब. मोटारीचे मीटर तोच हिशेब करते. केबल असो वा स्पंद, चाकाचा परिघ चुकला की सारे चुकते. हे सूत्र पुढे लागणार आहे.

वेगाचा काटा फिरविण्याची जी युक्ती विसाव्या शतकात सर्वत्र रूढ झाली तिचे पेटंट ओटो शुल्झे याने १९०२ मध्ये बर्लिन येथे घेतले. तिचे मूळ १८२४ मधील आरागोच्या प्रयोगात आहे. तांब्याची तबकडी फिरविली असता तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे ओढली जाते, हे त्याने दाखविले. याचे कारण १८३१ मध्ये फॅराडेने उलगडले, आणि १८५५ मध्ये फुको याने धातूत उठणाऱ्या या भोवरी प्रवाहांचा अभ्यास केला. शुल्झेच्या रचनेत क्रम उलटा आहे. गिअरबॉक्सच्या मागल्या अंगाला एक लहान पिनियन असते. तिच्यातून पोलादी तारांची वळलेली केबल एका नळीतून थेट चालकासमोरच्या मीटरपर्यंत येते. केबलच्या टोकाला चुंबक फिरतो. त्याच्याभोवती, त्याला स्पर्श न करता, ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरला की वाटीत प्रवाह उठतात व वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक कमान तिला मागे खेचते. ओढ आणि खेच जेथे समतोल होतात तेथे काटा थांबतो. चुंबक आणि काटा यांमध्ये कोणताही दुवा नाही, केवळ हवा आहे, आणि तरीही काटा इमानाने हलतो. यंत्रशास्त्रात इतकी नितळ रचना क्वचितच पाहावयास मिळते. किलोमीटर मोजणाऱ्या आकड्यांच्या चकत्या मात्र केबलवरून दंतचक्रांनी प्रत्यक्ष फिरतात. म्हणून कमान सैल झाल्यास वेग चुकतो, पण अंतर चुकत नाही. मिस्त्री हा भेद चांगला जाणतात. गाडीमालक सहसा जाणत नाहीत.

येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. विजेवर चालणारा वेगमापक हा केबलच्या वेगमापकाचा वारस मानला जातो. वस्तुतः तो त्याचा पूर्वज आहे. इस्त्रियाचा संशोधक योसिप बेलुशिच याने शुल्झेच्या बरीच वर्षे आधी, १८८८ मध्ये, विद्युत् वेगमापक सिद्ध केला होता आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात तो मांडला गेला होता. तेव्हा केबल जिंकली, कारण ती स्वस्त होती, गाडीत विजेचा भरवसा नव्हता, आणि कोणताही कारागीर ती बदलू शकत असे.

तरीही यवतमाळसारख्या ठिकाणी केबलला दोन शत्रू होते: उन्हाळा आणि धूळ. मे महिन्यात येथे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, आणि उन्हात उभ्या मोटारीच्या काचेखाली त्याहूनही पुष्कळ वर. ॲल्युमिनियमचा विद्युत्-रोध दर दहा अंशांमागे सुमारे ४ टक्के वाढतो. त्यामुळे वाटीतले प्रवाह क्षीण होतात आणि काटा खऱ्या वेगापेक्षा खाली राहू पाहतो. चांगल्या कारखानदारांनी यावर उपाय केला होता. चुंबकाजवळ निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा एक तुकडा बसवीत. तो थंडीत चुंबकरेषा स्वतःकडे वळवितो आणि उष्णतेत सोडून देतो, त्यामुळे चूक बहुतांशी भरून निघते. हलक्या प्रतीच्या बदली मीटरांत हा तुकडा असेलच असे नाही. धुळीचा परिणाम निराळा. नळीतले वंगण वाळले की केबल अडखळत फिरते आणि काटा थरथरतो, मिस्त्र्यांच्या भाषेत 'नाचतो'. वंगण अधिक भरले तर तेही बाधते, कारण फिरत्या केबलवरून ते वर चढते आणि मीटरच्या आत जाऊन वाटी चिकटविते. शेवटी केबल तुटते व काटा शून्यावर पडतो. जुन्या गाड्यांत मीटर बंद असणे हे वैगुण्य न मानता वयाचे लक्षण मानले जाई.

पहिल्या स्थित्यंतराचा वृत्तांत थोडक्यात सांगता येतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील वेगमर्यादा मैलांत होत्या आणि गाड्यांच्या तबकड्याही मैलांच्या. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याची अंमलबजावणी ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यानंतर रस्त्यांवरचे दगड बदलले, मग तबकड्या. मधल्या काळात रस्ता किलोमीटरांचा आणि काटा मैलांचा अशी स्थिती होती: ४० वर काटा असता गाडी ताशी ६४ किलोमीटरांनी जात असे. जुन्या तबकडीच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत आणखी एक आकडा छापलेला असे. एका मैलास केबलचे किती फेरे होतात याचा तो निर्देश. गाडी बदलून मीटर बसविताना हा आकडा न पाहिल्यास दर्शक सदैव चुकीचा राही, आणि तो पाहण्याची तसदी सर्वच घेत होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मैल गेले, परंतु 'मैलाचा दगड' राहिला, आणि 'मायलेज' तर किलोमीटरांच्या राज्यात आजही सुखाने नांदत आहे.

ज्या गाड्यांमुळे केबलचे मीटर जिल्ह्याच्या कारभाराचा भाग झाले त्या मुख्यतः तीन: महिंद्रची जीप, उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट, जी पुढे पद्मिनी झाली. ॲम्बेसेडर १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत होती. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मध्येही काटा केबलवरच फिरे. सरकारी गाडीला नोंदवही असते, आणि तिचा कणा म्हणजे मीटरचे वाचन: निघताना अमुक, परतल्यावर तमुक, वजाबाकी अमुक किलोमीटर, त्यावरून तेल. दौऱ्याचे सत्य पाच आकड्यांच्या चकत्यांवर तोललेले असे. त्या चकत्या ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येत. आणि त्या मागे फिरविता येतात, हेही सर्वांस ठाऊक होते. 'मीटर मागे फिरविणे' हा प्रयोग जुन्या गाड्यांच्या बाजारातून आला आणि आता आकडा फिरण्याजोगी चकतीच नसलेल्या गाड्यांसंबंधीही वापरला जातो.

आता दुसरे स्थित्यंतर. १९९८ नंतर आलेल्या नव्या मोटारींत, आणि सन २००० पासून लागू झालेल्या उत्सर्जन-मर्यादांमुळे इंजिनाचे नियमन इलेक्ट्रॉनिक झाल्यावर तर वेगाने, केबल मागे पडली. गिअरबॉक्सवर केबलच्या जागी सेन्सर आला. तो बहुधा एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालतो: चुंबकाचा दात समोरून गेला की एक स्पंद उमटतो. मीटरमधील सूक्ष्म परिपथ स्पंद मोजतो, त्यावरून वेग काढतो आणि एका लहान मोटरकरवी काटा तेवढा फिरवितो, अथवा सरळ आकडा दाखवितो. एकूण किलोमीटर स्मृतिकोशात लिहिले जातात. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींस चाके न अडखळू देणारी ब्रेक-यंत्रणा सक्तीची झाली. अशा गाड्यांत चाकांवरचे सेन्सर आधीच असल्यामुळे गिअरबॉक्सवरील वेगळ्या सेन्सरची गरजही पुष्कळदा उरत नाही.

जुन्या गाडीत हा बदल करावयाचा तर मार्ग एकच नाही. केबल ज्या जागी गिअरबॉक्समध्ये शिरते तेथेच सेन्सर बसविणे हा सरळ मार्ग, कारण तेथील फेऱ्यांचे प्रमाण मूळ कारखान्याने ठरविलेले असते. तेथील गरारी झिजली असेल तर मागल्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर चुंबक बसवून समोर सेन्सर धरतात. उपग्रहांवरून वेग घेणारी मीटरेही मिळतात. त्यांना गाडीस जोडण्याची गरज नसते, मात्र बोगद्यात ती मुकी होतात. शाफ्टच्या पद्धतीत हिशेब मिस्त्र्यालाच करावा लागतो. समजा, चाकाचा परिघ २ मीटर आहे. मग एका किलोमीटरास ५०० फेरे. मागल्या दंतचक्रांचे प्रमाण चारास एक असेल तर शाफ्टचे २,००० फेरे, आणि शाफ्टवर चार चुंबक असतील तर ८,००० स्पंद. हा आकडा मीटरला सांगितला की काम झाले. परंतु टायर ७ मिलिमीटर झिजला तर परिघ सुमारे ४४ मिलिमीटरांनी घटतो, आणि २,००० मिलिमीटरांवर ही घट सव्वादोन टक्के भरते. तेवढे जास्त स्पंद, तेवढा जास्त वेग, तेवढेच जास्त किलोमीटर. इलेक्ट्रॉनिक मीटर अचूक मोजते ते स्पंद, रस्ता नव्हे. रस्ता अजूनही मोजणीदाराच्या त्या ढकलत्या चाकाच्याच हाती आहे. खरा मार्ग म्हणून हिशेबापेक्षा पडताळा: महामार्गावरच्या दगडांपासून दगडांपर्यंत दहा किलोमीटर गाडी चालवून आकडा जुळवून घ्यावा. जिल्ह्यातून करंजी-पांढरकवडा-पाटणबोरी असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, पूर्वीचा क्रमांक ७, यास उत्तम.

चूक कोणत्या बाजूची असावी, याविषयी मात्र निश्चित संकेत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक विनियम ३९ नुसार वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवू नये. जास्त दाखविले तर खऱ्या वेगाच्या एक-दशांशाहून ४ किलोमीटर अधिक, इथपर्यंत चालते. म्हणजे गाडी ताशी ८० ने जात असता काटा ९२ पर्यंत असू शकतो, परंतु ७९ वर असणे दोष होय. खोटेपणातही दिशा ठरवून देणारा हा नियम शहाणपणाचा आहे. केबलचे म्हातारे मीटर नेमके उलट्या दिशेने चुकते: चुंबक क्षीण झाला की काटा कमी दाखवू लागतो व चालकास निर्धास्त करितो. जुनी गाडी जपणाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक बदलास केवळ 'मूळपणा गेला' म्हणून नाके मुरडावीत हे म्हणूनच पटण्यासारखे नाही. तबकडी व काटा जुनेच ठेवून आतील भाग बदलता येतो, आणि तसे करणे हा सर्वांत समंजस तोडगा दिसतो.

प्रश्न उरतो तो साक्षीचा. भाड्याच्या मीटराच्या बाबतीत राज्यसंस्थेने साक्ष स्वतःकडे घेतली आहे. टॅक्सी-रिक्षाचे मीटर हे वैधमापन कायद्याखालचे माप. त्याची पडताळणी होते आणि त्यावर मोहोर बसते. मुंबईत २०१२ च्या सुमारास जुन्या यांत्रिक मीटरांच्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटरे आली. भाड्याची नवी आकारणी, मुदती, संघटनांचा विरोध, पडताळणीच्या रांगा, या सर्वांची वृत्तपत्रांत नोंद झाली, कारण तेथे आकडा म्हणजे रोकड रक्कम होती. खाजगी मोटारीच्या वेगमापकास अशी मोहोर नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तो असावा असे सांगितले. व्यावसायिक वाहनांच्या योग्यता-तपासणीत तो पाहिलाही जातो. पण जुन्या गाडीतले मीटर बदलले तर त्या क्षणी १,३०,००० किलोमीटर चाललेली गाडी नव्या मीटरवर शून्य किलोमीटरांची होते. काही मीटरांत आरंभीचा आकडा भरता येतो. तो काय भरावा हे भरणाऱ्याच्या सचोटीवर. सरकारी नोंदवहीत 'मीटर बदलले' असा शेरा मारून जुने व नवे वाचन शेजारी लिहिण्याची रीत आहे. खाजगी गाडीस नोंदवही नसते. चकत्या मागे फिरविल्यास त्यांची रेषा किंचित वाकडी होई आणि जाणकाराच्या नजरेस ती पडे. स्मृतिकोशातील आकडा बदलल्यास तबकडीवर त्याचा मागमूस राहत नाही.

या अविश्वासाची नोंद भाषेने कशी घेतली आहे, हे पाहण्याजोगे आहे. 'मीटर' हा शब्द ग्रीक 'मेत्रोन' यापासून आला; संस्कृत 'मा' धातू आणि त्यापासूनचे मान, मात्रा, मित हे शब्द त्याचेच दूरचे सोयरे. मराठीत तो लांबीचे एकक, विजेचे यंत्र, भाड्याचे यंत्र आणि वेगाचे यंत्र असे चार अर्थ वाहतो आणि संदर्भावाचून गोंधळ करीत नाही. वऱ्हाडात 'काटा' या शब्दाचा भार याहून अधिक. कापसाच्या बाजारात काटा म्हणजे तराजू. आणि 'काटा मारणे' म्हणजे मापात फसविणे. शेतकऱ्याच्या कानाला या शब्दात वजन आणि संशय दोन्ही एकत्रच ऐकू येतात. पुढे तराजूची दांडी गेली, सूची गेली, तांबडे आकडे उमटविणारे यंत्र आले. त्याचे नाव 'इलेक्ट्रॉनिक काटा'. ज्यात काटा उरला नाही त्यालाच काटा म्हणावयाचे, आणि त्याच्याविषयीही 'काटा मारला' असेच म्हणावयाचे. मोटारीत हे अजून पुरते झालेले नाही: आकडे दाखविणाऱ्या नव्या गाडीतही 'काटा शंभरावर गेला' असे लोक बोलतात, आणि मुंबईचा उतारू, पाडावयाची पितळी पट्टी नाहीशी झाल्यावरही, रिक्षावाल्याला मीटर 'डाउन' करावयास सांगतो.